चारी चाकं

“बाई, खाली बसा जरा. उभ्यानं पाह्यल्यावर काय समजन तुमाले?” गाडीच्या पोटाखालून गोविंदा मिस्त्री ओरडला.

प्रभावतीने पांढऱ्या पातळाचा पदर कमरेला खोचला आणि नेरच्या त्या तेलकट अंगणात ती सरळ गुडघ्यांवर बसली. मिस्त्री उताणा पडून पान्याने एकेक भाग ठोकून दाखवत होता.

“पुढच्या चाकाइले ताकद द्यायची म्हणजे मधात येवढी पेटी बसवा लागते. पेटीतून एक दांडा पुढं जाईन. आता त्या जागी तुमची पेट्रोलची टाकी हाये. टाकी कुठी ठेवू, डोक्स्यावर?”

“कुठी ठेवसान मंग?”

“आत. ते तुमची झोपाची फळी हाये ना, तिच्या जागी. दुसरी जागाच नाई. आन् टाकी आत आली का आत कंदील नाई, स्टो नाई, पेट्रोलची वाफ कोंडते, त दारं लावून झोपणं बिलकूलच नाई. एका ठिणगीत सारं जाईन.”

ड्रायव्हर घनश्याम बाजूला उकिडवा बसला होता. त्याने प्रभावतीकडे पाहिले आणि नजर खाली वळवली. फळी जाणार म्हणजे काय जाणार, हे तिच्याखालोखाल त्यालाच माहीत होते.

गाडी यवतमाळच्या विठ्ठलरावांच्या धर्मादाय ट्रस्टची होती. विठ्ठलरावांचे जिनिंग होते, वडिलांच्या नावाने त्यांनी हा फिरता दवाखाना काढला होता. लांबोडक्या मोटारीच्या आत एका बाजूला पेशंटचा पलंग, औषधांचे कपाट, कोपऱ्यात स्टोव्ह आणि पाण्याचा पिंप, आणि दुसऱ्या बाजूला पडद्याआड नर्सच्या झोपण्याची फळी. सुरुवातीला एक डॉक्टर बरोबर असे. धूळ आणि वांग्याची भाजी यांना कंटाळून तो नागपूरला निघून गेला. त्यानंतर दवाखाना म्हणजे प्रभावती आणि घनश्याम, एवढाच उरला.

गावोगाव मुक्काम पडायचा. घनश्याम कुठल्याही देवळाच्या ओसरीत पथारी टाकायचा. कुणीतरी त्याला जेवायलाही बोलवायचे. प्रभावतीला मात्र लोक आधी आडनाव विचारत. तिच्या घरच्यांनी छप्पन साली नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. धर्म बदलला, नर्सचे शिक्षण झाले, अंगावर पांढरेशुभ्र पातळ आले, पण आडनाव ऐकल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर जे यायचे ते काही बदलले नव्हते. म्हणून ती फळी तिला राजवाड्यासारखी होती. आतून कडी लावता येत होती. कुणाला विचारावे लागत नव्हते, कुणाच्या कपाळावर आठी पडत नव्हती. स्टोव्हवर भात टाकायचा, कंदिलाच्या उजेडात जेवायचे आणि पाय पसरून झोपायचे. वयाची तिशी उलटलेल्या, एकट्या बाईला याहून मोठी चैन ठाऊक नव्हती.

आणि तरीही, गाडी चारी चाकांवर चालली पाहिजे, हा हट्ट तिचाच होता.

मागच्या पावसाळ्यात फुलसावंगीजवळच्या तांड्यावर सुखीबाई नावाची बाळंतीण अडली होती. मूल आडवे आले होते. प्रभावतीने तिला गाडीत घेतले आणि तालुक्याच्या दवाखान्याकडे निघाली. नाल्याच्या काळ्या चिखलात मागची चाके गरगर फिरली आणि रुतत गेली. घनश्यामने फांद्या घातल्या, दगड घातले. सुखीबाईचा नवरा बैलजोडी आणायला पळाला. बैल येईपर्यंत आतला आवाज थांबला होता. नवऱ्याने आत डोकावून पाहिले. तो रडला नाही की ओरडला नाही. एवढेच म्हणाला, “तुमची मोटर आली म्हून आमी बैलबंडी जुंपली नाई, बाई.”

ते वाक्य प्रभावती विसरू शकली नाही. ती विठ्ठलरावांकडे जात राहिली, पुन्हा पुन्हा जात राहिली. शेवटी कंटाळून ते म्हणाले, “बरं बाई, करून टाका. लढाईतल्या मोडक्या गाड्याइचं सामान भेटते म्हणते आजकाल. दुकान तुमीच पाहा. चिखलात तुमालेच जायचं हाये.”

नेरला येण्याआधी ती दोघे यवतमाळच्या लखीरामशेठच्या कारखान्यात जाऊन आली होती. शेठने लगबगीने उठून तिला खुर्ची दिली होती. “या सिस्टर, बसा सिस्टर.” चहा आला तो सगळ्यांना एकसारख्या फुलाफुलांच्या कपात. शेठला तिचे आडनाव माहीत होते, तरी त्याने तिच्या रिकाम्या कपात स्वतःच्या हाताने आणखी चहा ओतला. तिने तोही सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्याला होता.

“फळी? फळीले कोण हात लावते, सिस्टर? फळी राहीन, स्टो राहीन. टाकी इकडंतिकडं सरकवून देतो, पेटी छोटी टाकतो. वरून नवा रंग!”

“शेठजी, आत बाळंतीण असन, नाल्यात चिखल असन. गाडी निघन?”

“निघन ना! काहून नाई निघणार?” शेठ खुर्चीतून न हलता म्हणाला होता. “लोकाइनं आमच्याकून किती गाड्या नेल्या!”

त्यांतली एखादी दाखवा म्हटल्यावर मात्र सगळ्या गाड्या बाहेरगावी गेलेल्या निघाल्या.

इथे नेरला खुर्ची नव्हती. गोविंदा मिस्त्रीने आल्याआल्या आडनाव विचारले होते. मग त्याच्या बायकोने घनश्यामला कपबशी दिली आणि प्रभावतीसाठी भिंतीच्या कोनाड्यातले टवके उडालेले टमरेल काढले. वरून, हात उंच धरून, चहा ओतला. चहा संपल्यावर म्हणाली, “बाहीर पाणी हाये. धुऊन तिथंच ठेवा.” प्रभावतीने टमरेल धुतले आणि तिथेच ठेवले.

आता गाडीखालून बाहेर येत मिस्त्रीने हात चिंध्यांना पुसले. तिने त्यालाही तोच चिखलाचा प्रश्न विचारला. अंगणात लाकूडवाल्या ठेकेदाराची, त्याने स्वतः बदललेली एक गाडी उभी होती. “बसा,” म्हणाला. घनश्याम पुढे बसला, प्रभावती मागे सागाच्या ओंडक्यांवर. मिस्त्रीने गाडी नेली ती थेट गावाबाहेरच्या नाल्यात. ढोरांनी तुडवून तिथे नुसता राबडा केला होता. मधोमध नेऊन त्याने गाडी थांबवली, मुद्दाम चाके रुतू दिली. मग पायाजवळचा एक दांडा ओढला. गाडी थरथरली, पुढची चाके चिखलात नख रोवल्यासारखी धरू लागली आणि ओंडक्यांसकट गाडी दरड चढून वर आली.

यवतमाळला परतताना घनश्याम म्हणाला, “बाई, काम इथंच द्याल?”

“हो.”

“त्यानं तुमाले चहा कायच्यात देला थे पाह्यलं म्या.”

“म्या बी पाह्यलं, भाऊ.”

“आन् फळी?”

प्रभावतीने नजर बाहेरच्या पऱ्हाटीच्या शेतांकडे वळवली. मग म्हणाली, “सुखीबाई मेली थ्या राती मी त्याच फळीवर झोपलती. झोप लागली मले. आता नाई लागत.”

गोविंदाने काम चोख केले. सांगितले तेवढेच पैसे घेतले. पावसाळ्याच्या तोंडावर गाडी बाहेर पडली, आणि त्या पावसात ती जिथे कधीच गेली नव्हती तिथे गेली. नाले, शेतांमधल्या पांदणी, काळी निसरडी उतरण, कुठेच अडली नाही. आषाढात भागीरथा नावाच्या पोरीचे असेच मूल अडले. गाडीने तिला दोन नाले ओलांडून दवाखान्यात पोचवले. पोरगी जगली, मूलही जगले. भागीरथाच्या सासूने गाडीच्या पुढच्या चाकांना हळदकुंकू लावले. प्रभावती हसली. त्या वर्षातले तिचे ते एकच मोकळे हसू घनश्यामला आठवत होते.

रात्री मात्र तिला वणवण करावी लागे. बौद्ध वस्ती असलेल्या गावात अडचण नसे. बोरी अरबला वस्तीतली मथुराबाई तर तिची वाटच पाहत असायची. पण जिथे आपले कुणी नाही तिथे शाळेला कुलूप असायचे, देवळाची पायरी तिची नव्हती. एका गावच्या पाटलाने मोठ्या मनाने गोठा दाखवला. ती गोठ्यात झोपली. सकाळी पातळ झटकून त्याच पाटलाच्या सुनेचा ताप पाहायला गेली.

दिवाळीनंतर विठ्ठलरावांनी गाडी बंगल्यापुढे आणवली. ट्रस्टचा कार्यक्रम होता, हार घालायचे होते. धाकट्या मालकांनी, म्हणजे विठ्ठलरावांच्या मुलाने, बायकापोरांना बसवून बागेच्या बांधावरून गाडी वरखाली नेऊन दाखवली. कोणी पाहुणा म्हणाला, “अरे, ही त जंगलात कुठीबी जाईन!”

तिथून सुरू झाले. आधी एका रविवारी शिकारीला गाडी गेली. मग पाहुणे नागपूरहून येऊ लागले. औषधांच्या कपाटात काडतुसे आली. बाजाराच्या गावी लोक वाट पाहून उठून जात. प्रभावती विठ्ठलरावांकडे गेली तेव्हा ते वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, “पोट्टे हायेत, हौस फिटली का सोडून देतीन. तुमाले पगार भेटते ना टायमावर?”

थंडी सरत आली होती. बोरी अरबचा बाजार होता. प्रभावती एसटीने आधीच पोचली होती, गाडी जंगलातून परस्पर येणार होती. लिंबाखाली बायका पोरे घेऊन बसल्या होत्या. दुपार कलल्यावर गाडी आली. धाकटे मालक जीपने मागोमाग होते. घनश्याम उतरला आणि दाराजवळ नुसता उभा राहिला.

प्रभावतीने दार उघडले. पेशंटच्या पलंगावर सांबर पडले होते. मान लटकत होती, रक्त गादीतून ठिबकून तळाच्या फळ्यांच्या फटीत गोठले होते. माश्यांचा लोळ बाहेर आला.

“जीपमंधी मावलं नाई,” धाकटे मालक म्हणाले. “घनश्याम एकट्यानं कसा उतरवीन? तुमच्या वस्तीतल्या दोघाचौघाइले हाक मारा ना, बाई. वढून काढतीन, गाडी धुऊन टाकतीन. तुमचं त कामच होतं हे.”

लिंबाखाली मथुराबाई होती, वस्तीतली आणखी माणसे होती. सगळ्यांनी ऐकले. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर याच माणसांनी गावची मेलेली ढोरे ओढायचे सोडले होते. प्रभावतीच्या वडिलांनीही त्यांच्या गावी सोडले, तेव्हा गावाने सुगीभर त्यांना कामावर घेतले नव्हते. घरात आंबाडीची भाजी उकडून खाल्ली, पण बापाने दोराला पुन्हा हात लावला नाही.

“कोणी येणार नाई,” प्रभावती म्हणाली.

“मंग तुमी धुवा. नर्स हाये ना तुमी? रक्ताची कायची लाज?”

“माणसाचं रक्त धुतो मी, मालक. रोज धुतो. हे तुमी सांडवलं, तुमी धुवा.”

तिने आत हात घालून आपली सुयाऔषधांची चामड्याची पिशवी तेवढी ओढून घेतली आणि दार लावले. लिंबाखाली जाऊन मथुराबाईने अंथरलेल्या गोधडीवर बसली. पहिल्या बाईच्या मांडीवरचे पोर खोकत होते. प्रभावतीने त्याची जीभ दाबून उन्हाकडे तोंड वळवले. पाठीमागे जीप चालू झाली, मग दवाखान्याची गाडी. तिने वळून पाहिले नाही. संध्याकाळपर्यंत ती पेशंट पाहत राहिली. औषधे संपली तेव्हा नुसते काय खायचे, काय नाही, ते सांगत राहिली.

गाडी त्यानंतर बोरी अरबला आली नाही. फुलसावंगीलाही गेली नाही. पाऊस लागल्यावर तांड्यावरच्या लोकांनी पुन्हा बंड्या जुंपायला सुरुवात केली, असे तिला मागाहून कुणीतरी सांगितले.

त्या बाजारानंतरच्याच आठवड्यात कामावरून काढल्याचा निरोप घेऊन ट्रस्टचे दिवाणजी तिच्या घरी आले. बरोबर घनश्याम होता, तो दारातच रेंगाळला.

“पिशवी ट्रस्टची हाये,” दिवाणजी म्हणाले. “थे न्यायले आलो.”

“बसा.”

“नाई, उभाच बरा हाओ.”

प्रभावतीने स्टोव्ह पेटवला. भांड्यात पाणी ठेवले, सुया, पिचकाऱ्या, चिमटे त्यात सोडले. दिवाणजी चुळबुळू लागले. “कायले करून राह्यल्या हे? आता तुमचा काय संबंध?”

“उद्या कोणाच्या हाती पडन, काय माहीत. थो उकळन का नाई, काय माहीत.”

पाणी उकळू लागले. तिने ते नीट उकळू दिले. मग एकेक वस्तू चिमट्याने उचलून स्वच्छ फडक्यावर मांडली, कोरडी होऊ दिली, गुंडाळली, पिशवीत जागच्या जागी ठेवली आणि बक्कल लावले. पिशवी घेऊन ती उंबऱ्यात आली.

“ठेवा थे, खाली ठेवा,” दिवाणजी एक पाऊल मागे सरत म्हणाले.

प्रभावतीने पिशवी खाली ठेवली नाही. हात तसाच पुढे धरून ती उभी राहिली. पिशवी जड होती. दिवाणजींनी घनश्यामकडे पाहिले. घनश्याम जागचा हलला नाही.

रस्त्यावरून एक सायकल गेली. शेजारच्या घरातली बाई दारात येऊन पाहू लागली. शेवटी दिवाणजी पुढे झाले आणि त्यांनी पिशवी तिच्या हातातून घेतली.