पहाडीवाली माय खाली कशी उतरली

"सरका, सरका! माय उठून रायली!"

सडकेच्या कडेला पिंपळाखाली सगळे बेहाडटोला गाव लोटले होते. आमगावहून लोक ऑटो करून आले होते, नारळवाल्याने दुकान थाटले होते, आणि मधोमध भुईच्या भेगेतून शेंदूर माखलेला एक दगड डोके वर काढून बसला होता. पहिल्या दिवशी नुसती भेग. तिसऱ्या दिवशी शेंडा. आज सहावा दिवस, आणि माय चांगली चार बोटे वर आली होती. सरपंचाने सुताराच्या टेपने मोजून तसे जाहीर केले होते, म्हणजे आता शंकेला जागा कुठे उरली?

"माई करवट ले रही है, बेटा!" बाबा ओरडत होते. नाव मौनीबाबा. छत्तीसगडकडून आले होते म्हणे, आणि आल्यापासून झोपेचे तास सोडले तर त्यांचे तोंड मिटलेले कोणी पाहिले नव्हते. "माई प्यासी है! हर घर से रोज एक कलश! जिसने पानी नहीं चढ़ाया, उसकी सात पीढ़ी प्यासी!"

सात पिढ्या तहानलेल्या ठेवायला कोण तयार होईल? बायांची रांग लांबच लांब झाली.

त्या रांगेत रुख्मा होती. गावच्या अंगणवाडीची सेविका, सातवीपर्यंत चंद्रकुमार गुरुजींच्या हाताखाली शिकलेली, अंगात येणे आणि उतारे यांवर उघड हसणारी. पण सासूने, जमुनाबाईने, कळशी हातात देऊन बजावले होते, "तू हासजो मंग. आधी पानी टाक." आणि खरे सांगायचे तर सहा दिवस तो दगड वर येताना पाहून रुख्माचेही हात जोडले गेले होते. डोळ्यांना दिसते ते नाकारायचे कसे?

हा दगड मूळचा पहाडीवरचा. गावामागच्या त्या पहाडीवरून पावसाचे सारे पाणी उतरते, खालच्या बोडीत जमते, आणि त्या लहानशा तलावावर गावचे धान पिकते. रुख्माचे दोन एकरही त्यातच. गेल्या वर्षी पहाडीवर गिट्टीची, म्हणजे खडीची, खदान काढायला कोणीतरी अर्ज केला, तेव्हा गुरुजींनीच गावातर्फे हरकत लिहून दिली होती, आपल्या गोल, वळणदार अक्षरात. तालुक्याची माणसे येऊन मोजणी करून गेली. वस्ती, पाणी, देवस्थान यांपासून खदान किती लांब हवी याचे अंतर ठरलेले असते. बोडी त्या अंतराच्या जराशी पलीकडे भरली, म्हणजे तिचा काही उपयोग झाला नाही. पण मायचे ठाणे बरोबर खदानीच्या जागेत आले आणि अर्ज परत गेला. मायने गाव राखले म्हणून बायांनी तिची ओटी भरली.

आता तीच माय पहाडी सोडून उतरली होती. आठ दिवसांपूर्वी वरचे ठाणे रिकामे दिसले, आणि दुसऱ्याच दिवशी बाबांना सडकेकडेला 'कंपन' जाणवले. त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीच्या फलकावर कागद लागला. विशेष ग्रामसभा. विषय: पहाडीच्या गटातील देवस्थान स्थलांतरित झाल्याची नोंद घेणे, आणि तेथे गौण खनिज उत्खननास ना हरकत देणे.

म्हणजे माय पुरती वर यायच्या आधीच तिच्या बदलीचा कागद तयार होता. देवीला सरकारी कामकाजाची इतकी जाण असते हे रुख्माला ठाऊक नव्हते. ती कळशी घेऊन तशीच गुरुजींच्या घरी गेली.

गुरुजी ओसरीत बसले होते. निवृत्तीला सहा वर्षे झाली होती. शाळेला नवा रंग दिला तेव्हा 'विज्ञान कोपरा' अशी स्वतःच्या हाताने रंगवलेली जुनी लाकडी पाटी ते घरी घेऊन आले होते आणि ओसरीच्या खुंटीला त्यांनी ती टांगली होती. आज खुंटी मोकळी दिसली.

"गुरुजी, उद्या ग्रामसभा आहे. तुमी बोलान ना?"

"काय बोलू?"

"पहाडी गेली त बोडी गेली. गेल्या साली तुमीच लिवलं होतं."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "लोकांच्या भावनेचा प्रश्न आहे, रुख्मा. दर वेळी आपणच आडवं जायचं का? माझंही वय झालं."

रुख्माने कळशी काखेत घेतली. ज्या माणसाने अंगात आलेल्या बाईसमोर शांतपणे बसून तिच्याशी घरगुती गप्पा मारत तिला शुद्धीवर आणले होते, तो माणूस आज भावनेचे बोलत होता. थकले असतील बिचारे, असे म्हणून तिने मनाची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने अंगणवाडी उघडली आणि नाकाला पदर लावला. मुलांसाठी भिजवलेले हरभरे दोन दिवसांच्या सुट्टीत तसेच राहून गेले होते. आंबूस, कुजका वास. गंजातले पाणी बाहेर ओतता ओतता ती थबकली. हाच वास तिला रोज येत होता. लोबानाच्या धुराखालून, मायच्या पायाशी.

आणि मग तिला सातवीचा वर्ग आठवला. गुरुजींनी काचेच्या बाटलीत गच्च हरभरे भरले होते, वर पाणी ओतले, आणि बूच तारेने बांधून टाकले होते. दुसऱ्या दिवशी बाटली तडकली. सगळी पोरे ओरडली. गुरुजी म्हणाले होते, "दाण्यात देव शिरत नाही, पाणी शिरतं. फुगलेला दाणा दगडही उचलतो. कोणी सांगतं म्हणून मानू नका. उकरून पाहा."

रुख्माने कळशी उचलली आणि धावतच पिंपळाखाली आली. पाणी ओतायला वाकली आणि भेगेपाशी नाक नेले. तोच वास. भेगेतून दोन नाजूक हिरवे कोंब आले होते. "माई की हरी चुनरी!" असे बाबा कालपासून सांगत होते. रुख्माने एक कोंब खुडून तळहातावर धरला. लाखोळी. धान कापायच्या आधी बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, फेकतात ते कडधान्य; घराघरात पोत्याने भरलेली लाखोळी. तिचा कोंब ओळखायला इथे पोथी लागत नाही.

तिच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की गुरुजींना सांगायला हवे. त्यांच्या लक्षातच आले नसेल. पण अंगणवाडीत मुले यायची वेळ झाली होती; सभेतच सांगू, असे तिने ठरवले.

दुपारी ग्रामसभा पिंपळाखालीच भरली. सचिवाने ठराव वाचला. कोणाची हरकत, असे विचारून तो पुढे जाणार तोच रुख्मा उभी राहिली.

"माही हरकत आहे. माय वर नाई येऊन रायली. खाली लाखोळी पुरली आहे. आमी बायाच रोज पानी टाकून रायलो, ते पिऊन ती फुगून रायली. आमच्याच कळशीनं दगड वर आला."

बायांनी एकमेकींकडे पाहिले. मग एकच गलका.

"पाप! घोर पाप!" बाबा किंचाळले. "माई का कोप होगा! गाँव जल जाएगा!"

"गुरुजी, तुमी सांगा ना," रुख्मा पुढच्या खुर्चीकडे वळली. "तुमीच शिकवलं आमाले. बाटलीतले हरभरे. सांगा ना यायले."

चंद्रकुमार गुरुजींनी मान वर केली नाही. "बस खाली, रुख्मा," ते म्हणाले.

तिला वाटले, आपण चुकीचे ऐकले. ती तशीच उभी राहिली. माणसे तिच्यावर ओरडू लागली, कोणी तिच्या नवऱ्याला बोलवा म्हणाले, कोणी नोकरीवरून काढा म्हणाले. आणि त्या गोंधळात जमुनाबाई उठली. चाळीस वर्षे दर मंगळवारी पहाडी चढून मायला शेंदूर लावणारी बाई. तिला अडवायची कोणाची छाती नव्हती. ती गुडघ्यांवर बसली आणि दगडाशी वाकली.

"माह्या मायले मी चाळीस साल शेंदूर लावून रायली," ती म्हणाली. "तिचा असा वास कधी आला नाई. माही माय घान कायले मारून रायली?"

"माई को हाथ मत लगाना!"

"तू कोन गा मले सांगनारा? तू काल आला."

तिने दोन्ही हातांनी माती ओढली. मग रुख्मा बसली, मग आणखी दोन बाया. कोणी खुरपे दिले. दगड बाजूला कलंडला आणि त्याच्याखालची फळी वर आली. फळीखाली अर्धा कापलेला निळा प्लास्टिकचा ड्रम, आणि त्यात काठोकाठ फुगलेली, कोंब फुटलेली, आंबलेली लाखोळी. वास असा सुटला की पुढची रांग मागे सरली. मौनीबाबा मात्र त्या वेळी पहिल्यांदा खरेच मौन झाले, आणि झोळी उचलून ऑटोकडे निघाले. पोरांनी त्यांना तिथेच धरले.

रुख्माने फळीवरची माती पदराने पुसली. लाकूड गोल कापले होते, म्हणून अक्षरे मध्येच तुटली होती. "विज्ञान को" एवढेच उरले होते. गोल, वळणदार अक्षर.

ते अक्षर गावात कोणाला ओळखू येत नव्हते? निम्म्या गावाने पाटीवर तेच गिरवले होते.

"गुरुजी," रुख्माने विचारले. "काऊन?"

गुरुजी उठले. पळाले नाहीत, एवढे त्यांच्या बाजूने म्हणता येईल. "हिमांशू गिट्टीचा क्रशर टाकतोय. भागीदारीत," ते म्हणाले. हिमांशू त्यांचा मुलगा. "या वेळचा अर्ज त्यांचाच आहे. कुठली हरकत आडवी येते ते मला माहीत होतं. मीच लिहिली होती." थोडे थांबून ते कडवट हसले. "तीस वर्षं या गावाला खरं सांगितलं. कोणी ऐकलं? एकदा खोटं सांगितलं, तर सगळं गाव कळशी घेऊन रांगेत उभं."

"मी ऐकलं होतं ना, गुरुजी," रुख्मा म्हणाली. "मी ऐकलं होतं."

गुरुजींनी चष्मा काढून खिशात घातला. ते घराकडे चालू लागले आणि त्यांची वाट कोणी अडवली नाही, कोणी त्यांना वाट दिलीही नाही. रुख्माला रडू आवरेना. बाबा खोटा निघाल्याचे दुःख नव्हते. तो खोटाच होता. ज्याने तिला खोटे ओळखायला शिकवले, त्याने तेच शिकवणे खोट्याच्या कामाला लावले, हे तिला सहन होत नव्हते.

ठराव बारगळला. लोक मायला पहाडीवर परत न्यायला निघाले, ढोलकी आली, "माय जिंकली" असे कोणी ओरडले. तेव्हा रुख्मा डोळे पुसून पुन्हा उभी राहिली.

"न्या मायले वर, तिची जागा आहे ते. पन एक आयका. आपन तिच्या पाठीमांगं लपलो. म्हनून एक दगड उचलला का सारी पहाडी मोकळी झाली. बोडीत पानी पहाडीचं येते, हे खरं आहे का नाई? तालुक्याच्या मानसायनं बोडीचं अंतर मोजलं, पान्याची वाट कोनी पायलीच नाई. मंग हरकत पान्याच्या नावानं लिवू. आनि मी सांगून रायली म्हनून मानू नका. पावसात जा, पाहा पानी कोठून येते, मोजा, मंग बोला. गुरुजीनं सांगतलं म्हनून मानलं, बाबानं सांगतलं म्हनून मानलं, बस झालं. उकरून पाहाले हात सगळ्यायलेच आहेत."

तिचे शेवटचे बोलणे कोणाचे, हे तिला ठाऊक होते. गुरुजी खोटे निघाले म्हणून ते वाक्य खोटे झाले नव्हते. ते आता तिचे होते.

आजवर गावाचे सगळे अर्ज गुरुजींनी लिहिले होते. हा रुख्माने लिहिला, अंगणवाडीच्या ओट्यावर बसून, चार ठिकाणी खोडून. एक शब्द अडला तेव्हा सवयीने तिने गुरुजींच्या घराकडे पाहिले, मग मान खाली घालून स्वतःच लिहिला. कागद पुरा झाल्यावर तिने सर्वांत आधी तो सासूपुढे धरला. सही करण्यापुरती अक्षरे म्हातारीला येत होती.

जमुनाबाईने पेन हातात घेतले नाही.

"आधी वाचून दाखव," ती म्हणाली. "सगळं. मंग पाह्यतो सहीचं."