पुंजाराम भांडायचा थांबला

पुंजारामचं तोंड म्हणजे फटाक्यांची माळ! भाजीत मीठ कमी पडलं की चुलीपासून वेशीपर्यंत ऐकू जायचं. सुप्याजवळ दगडाची पावडर करायच्या कारखान्यातून धुळीनं पांढराफटक होऊन यायचा आणि उंबऱ्यातच सुरू व्हायचा. लंकाबाईनं लग्न झाल्यापासून हेच ऐकलं. शेवटी कंटाळून तिनं शनिशिंगणापूरच्या देवाला नवस बोलला, "ह्यांचं तोंड आवर रे देवा, तेल वाहीन."

आणि काय नवल! दिवाळीनंतर पुंजाराम गप्प झाला. मीठ कमी असो की जास्त, मुकाट जेवायचा. तेही अर्धीच भाकरी. सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. "वय झालं की मानूस नरमतो बघ," असं लंकाबाई शेजारच्या पुष्पावतीला कौतुकानं सांगायची. खोकला होता, पण त्या कारखान्यात तो नव्हता कुणाला? संध्याकाळी गुळाचा खडा खाल्ला की छातीतली धूळ निघून जाते, असं तिथली सगळी माणसं मानायची. लंकाबाई न चुकता गूळ द्यायची. खोकला हटेना, तर तिनं खडा मोठा केला. रात्री तो आडवा न होता भिंतीला टेकून बसायचा. तिला वाटायचं, देवाचं नाव घेत असेल. घर कसं शांत होतं बाई! तिला चार घास गोड लागत होते.

एका शनिवारी ती त्याला घेऊन नवस फेडायला निघाली. नवस कसला ते मात्र सांगितलं नाही. सांगते कशाला, पुन्हा सुरू झाला असता!

एसटीतून उतरून देवळाकडे जाताना पुंजाराम दोनदा थांबला. पुढे एका तेलाच्या दुकानाच्या फळीवर त्यानं बसकणच मारली. दुकानवाली कडूबाई खेकसली, "ओ बाबा, उठा! गिऱ्हाईक अडतंय माजं. लाज न्हाई वाटत?"

आता ह्या बाईच्या सात पिढ्यांचा उद्धार होणार! लंकाबाईनं नवऱ्याचा दंड घट्ट धरला. पुंजारामनं मान वर केली, तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. डोळ्यांत राग होता, तिच्या चांगल्या ओळखीचा. पण शब्द फुटत नव्हता. गळ्याखालचे खड्डे आत ओढले जात होते, ओठ जांभळे पडले होते.

"अहो, बोला की कायतरी!"

"शिव्या... द्यायला... दम लागतो, लंके."

इतक्या दिवसांचं सगळं लंकाबाईला एकदम कळलं, आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"मग मला सांगितलं का न्हाई वो?"

त्यानं दोन श्वास घेतले. "तू... खुशीत... हुतीस."

कडूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. तिनंच तांब्याभर पाणी आणलं आणि आरडाओरडा करून एक जीप थांबवली. तेल वाहायचं राहून गेलं. जीप थेट नगरला, छातीच्या डॉक्टरांकडे.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. मग म्हणाले, "फुफ्फुसांत धूळ बसून बसून ती घट्ट झालीत, मावशी. ती आता पूर्ववत होणार नाहीत. उरलंय तेवढं राखायचं. कारखाना आजपासून बंद. इतका उशीर का केलात?"

नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेला पुंजाराम पलंगावर बसून लंकाबाईकडेच पाहत होता.

"बरं, धाप कधीपासून लागते? नीट आठवून सांगा."

आठवायचं काय त्यात! तिला पक्कं ठाऊक होतं.

"घरातलं भांडन थांबलं ना, डॉक्टर, तवापास्नं."

"म्हणजे?"

"लई सुखात हुते वो मी," असं म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली.