लाल कापडातला अकरावा फर्मा

मी एक जुनी खुनाची कादंबरी आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही. मित्रांनो, माझा जन्म १९३१ सालचा, पुण्यातल्या एका छापखान्यातला. कागद स्वस्त, शाई पुसट, मुखपृष्ठावर पिस्तूल. महिन्याभरात सगळ्या प्रती संपल्या. विद्वानांनी नाकं मुरडली. लोकांनी मात्र मला वाचलं.

अमडापूरच्या ग्रंथालयात माझी एकच प्रत आली आणि मागणारे चाळीस. तेव्हा तिथल्या पुस्तकं बांधणाऱ्या कारागिराने मला सरळ उसवलं. सोळा पानांचा एक फर्मा, असे माझे बारा फर्मे वेगळे केले आणि प्रत्येकाला स्वतंत्र शिवण घातली. एका घरात पहिला, दुसऱ्या घरात दुसरा. वाचून झाला की पुढचा न्यायचा. बारा घरं एकाच वेळी मला वाचत होती! अक्षरावर बोट ठेवून अडखळणाऱ्या बाया पुढच्या फर्म्याच्या ओढीने भराभर वाचायला शिकल्या. हे कोणत्या विद्वानाच्या ग्रंथाला जमलं, सांगा.

मग अकरावा फर्मा परत आला नाही. खुनी त्याच फर्म्यात पकडला जातो. बाराव्यात नुसतं लग्न आणि जेवणावळ. खुनी कळणार नाही म्हटल्यावर मला कोण नेणार? मी माळ्यावर गेले. ऐंशी वर्षं वाळवीने कडा कुरतडल्या.

यंदा ग्रंथालयाच्या अध्यक्षांनी, निवृत्त शिक्षक रमाकांत सरांनी हुकूम काढला: अपुरी पुस्तकं शनिवारी रद्दीत. ग्रंथपाल सुहासिनीताई माझ्यासाठी भांडल्या.

"सर, हिला अख्ख्या गावाने वाचलंय."

"खून, तिजोरी, खोट्या दाढ्या! यात साहित्य कुठंय? पुरी असती तर एकवेळ ठेवली असती."

"पुरी झाली तर ठेवाल?"

"ठेवीन. शब्द देतो."

ताईंनी देवघेवीची जुनी वही शोधून काढली. माझी शिवण पाहायला युसूफभाईंना बोलावलं. मला उसवणाऱ्या कारागिराचे ते नातू, आणि तेही पुस्तकंच बांधतात. वहीत स्पष्ट लिहिलं होतं: फर्मा अकरा, सौ. सत्यभामाबाई, परत नाही.

सरांचा चेहरा उतरला. ती त्यांची आजी.

"शक्य नाही. माझी आजी असलं वाचत नव्हती. ती फक्त पोथी वाचायची. रोज दुपारी, दार लावून."

युसूफभाईंनी चष्मा वर केला. "सर, पोथी कोनी दार लावून वाचते काय?"

ताईंनी ओठ दाबून हसू आवरलं.

"युसूफभाई, मस्करी नको."

"मस्करी नाई सर. घरी जा, पोथीची गाठ सोडून पाहा. नसन त मीच हिले रद्दीत टाकतो."

मित्रांनो, त्या फर्म्याचं काय झालं ते मला ठाऊक आहे, कारण अकरावा फर्मा म्हणजे मीच की! एका दुपारी सासऱ्यांचं खाकरणं ऐकून सत्यभामाबाईंनी मला पोथीच्या लाल कापडात सरकवलं. तरी कुणीतरी चुगली केलीच. त्यांचं ग्रंथालयात जाणं बंद झालं. मग आयुष्यभर त्या दार लावून तीच सोळा पानं वाचत राहिल्या. जाताना सुनेला बजावलं, "पोथी सोडायची नाही, नुसती पुजायची." घराने ऐकलं. दर गुरुवारी खुन्याला हळदकुंकू वाहिलं!

शुक्रवारी सर आले. कपाळाला घाम, हातात मी, कुंकवाने लाल झालेली. त्यांनी मला टेबलावर ठेवलं.

युसूफभाईंनी सुई ओवली. "आना, सारे बाराही एका दमात शिवतो."

"थांबा," सर म्हणाले. "बारावा आज शिवू नका. मी घरी नेतो. आजीचा वाचायचा राहिलाय."

"वहीत सही करा, सर," सुहासिनीताई म्हणाल्या. सरांनी आजीच्या नावाखाली सही केली.

आता मी माळ्यावर जाणार नाही. मित्रांनो, मला हळदकुंकू नको, काचेचं कपाटही नको. गाठ सोडा आणि वाचा. आणि वाचून झालं की परत करा. पुढच्या फर्म्यासाठी कुणीतरी थांबलेलं असतं.