शिलाईसेतू आणि फुलीबाईची चिंधी

मित्रांनो, डोंगर झिजतात, नद्या पात्र बदलतात, राजे येतात नि जातात. टिकून राहते ती फक्त मानवी बुद्धीची निर्मिती. मी त्या बुद्धीचं अपत्य आहे.

हे वाक्य अर्थात माझं नाही. पुण्याच्या एका गार सभागृहात कुणीतरी माझ्याविषयी ते बोललं. माझं स्वतःचं वाक्य एकच आहे : ‘कृपया थांबा.’

मी एक जुना ॲप आहे. नाव शिलाईसेतू. वयाला अजून दोन वर्षं पुरी व्हायची आहेत, पण आमच्या कुळात हे वय काठी टेकण्याचं. शहादा तालुक्यात म्हसावद म्हणून मोठं गाव आहे. तिथल्या पेठेत वाहिदभाईंचं शिवणकामाचं दुकान आहे. त्या दुकानात एक टॅब्लेट आहे आणि त्याच्या काचेआड मी राहतो. राहतो म्हणजे, माझा चेहरा तेवढा राहतो. माझी आठवण, माझी अक्कल, माझं सगळं सामानसुमान दूर परदेशात भाड्याच्या जागेत ठेवलेलं. वाहिदभाईंनी विचारलं, ‘हा सदरा कुणाचा?’ की ते विचारायला मला तिथपर्यंत जाऊन यावं लागे. सदरा आमच्या दोघांच्या मध्ये हातभर अंतरावर टांगलेला असे.

मला जन्माला घातलं आतिफने. आतिफ म्हणजे वाहिदभाईंच्या बहिणीचा मुलगा, पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरीला. सुट्टीत तो मामाकडे आला आणि मामाची रीत बघून त्याला दया आली.

रीत अशी होती. गिऱ्हाईक कापड घेऊन आलं की वाहिदभाई त्याच्या काठाची बोटभर चिंधी फाडत. तिचे दोन तुकडे करत. एक कापडाला टाचत, दुसरा गिऱ्हाइकाच्या हाती देत. सातपुड्यातून उतरणाऱ्या बायका तो तुकडा ओढणीच्या टोकाला गाठ मारून नेत. कपडा न्यायला आल्या की गाठ सोडायची, चिंधीला चिंधी लावायची, जुळली की कपडा हातात. नाव नाही, गाव नाही. नाव विचारून उपयोगही नसे, कारण एकाच पाड्यावर तीन तीन भीमसिंग असतात आणि तिघांनाही तोच एक रंग आवडतो. शिवाय बायका बोलणार पावरी आणि वाहिदभाई बोलणार अहिराणी. चिंधीला दोन्ही भाषा येत.

“मामू, दुनिया कहाँ पहुँच गई,” आतिफ म्हणाला, “और आप चिंधी जोड रहे हो.”

वाहिदभाई ओशाळले. इतकी वर्षं आपण काहीतरी अडाणीपणा करत होतो आणि कुणी सांगितलंही नाही, असं त्यांना वाटलं असावं. म्हणून मी आलो. माझ्या आगमनाला पेढे वाटले गेले, टॅब्लेटला झेंडूचा हार घातला गेला. शेजारचा कटलरीवाला म्हणाला की आता म्हसावद आणि मुंबई सारखंच. मी भारावलो. काज-बटणं करणाऱ्या शकीलाबी, म्हणजे वाहिदभाईंच्या घरच्या, त्यांनी तेवढं एकच विचारलं, की वीज गेली तर काय? आतिफने बॅटरी दाखवली.

“और टावर गया तो?”

“मुमानी, टावर कहाँ जाता है?”

शकीलाबी पुन्हा काज करायला लागल्या.

मित्रांनो, माझ्या बनावटीत एक अट होती. मोबाईल नंबर टाकल्याशिवाय मी पुढे सरकत नसे. डोंगरातल्या बायकांकडे नंबर कुठला? ज्यांच्या घरी फोन होता तो मुलाच्या खिशात, आणि मुलगा गुजरातेत ऊसतोडीला. गिऱ्हाइकाला परत पाठवणं वाहिदभाईंच्या स्वभावात नाही. त्यांनी मार्ग काढला. नंबर नसेल त्याच्या नावावर ते स्वतःचा नंबर टाकू लागले. पुढे हाताला तीच सवय लागली आणि गावातल्या गिऱ्हाइकांनाही तोच नंबर मिळू लागला. मी माणूस ओळखतो तो नंबरावरूनच, तरी प्रत्येक वेळी हिरवी खूण दाखवली. माझा मिटक्या मारल्यासारखा आवाज आहे, तोही काढला. मला कशाचंच काही वाटलं नाही. वाटायला लागणारं डोकं माझ्याजवळ नव्हतंच, ते भाड्याच्या जागेत.

यंदा होळी आणि रमजान एकाच महिन्यात आले. म्हणजे डोंगरातून होळीचे घागरे-पोलकी आणि गावातून ईदचे सदरे, दोन्ही एकदम. त्या गर्दीत फुलीबाई आली.

फुलीबाई वर दूरच्या पाड्यावरची. अख्खा हिवाळा तिने आणि पाड्यावरच्या बायकांनी उसाच्या फडात काढला होता. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो. त्या बाजाराला एका पाड्याच्या बायका एकाच रंगात जातात, म्हणजे गर्दीत एकमेकींना सापडतात आणि ढोलावर नाचताना लांबून कळतं की हा आमचा पाडा. तर या सगळ्यांनी मिळून एकच कापड घेतलं होतं, जांभळं, त्यावर पिवळी फुलं. बाकीच्यांना ते धडगावला शिवायला टाकायचं होतं, तेच जवळ. फुलीबाईच अडून बसली. वाहिदचा शब्द इकडचा तिकडे होत नाही, असं तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. कपडे वेळेवर मिळाले नाहीत तर पाड्याची होळी उसाच्या फडातल्या लुगड्यांत होणार होती आणि वर्षभर बोल फुलीबाईला लागणार होते.

तिने गठ्ठा दिला आणि चिंधीसाठी हात पुढे केला. याला सगळं लक्षात राहतं, अशा अभिमानाने वाहिदभाईंनी माझ्याकडे बोट केलं.

“आते चिंधीनं काम नही, बाई. याले बठ्ठं याद ऱ्हास.”

फुलीबाई वाकली आणि तिने मला जवळून पाहिलं. त्या वेळी माझ्या चेहऱ्यावर चाक फिरत होतं. ती बराच वेळ चाक बघत राहिली. मग तिने गठ्ठा परत मागितला, बाहेर निंबाखाली बायकांत जाऊन बसली आणि थोड्या वेळाने तो आणून दिला. मोजायचं राहिलं असेल, असं वाहिदभाईंना वाटलं. मलाही तसंच वाटलं.

त्या आठवड्यात वाहिदभाई कापडवाल्यांच्या नावाने फार करवादले. डोंगरातून येणारं प्रत्येक कापड एका काठाने फाटकं निघत होतं. ते फाटके काठ आत दुमडून, शिवण घालून त्यांचे खांदे भरून आले. व्यापाऱ्यांत इमान राहिलं नाही, असं ते कातरीला सांगत.

म्हसावदच्या भोंगऱ्याचा दिवस उजाडला. फुलीबाईच्या पाड्याचा भोंगऱ्या दुसऱ्या दिवशी, वर धडगावला होता. पेठेत पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल, पावरी वाद्याचे सूर, गुळाच्या जिलेब्या, फुगे, आणि प्रत्येक तरण्या पोराच्या हातात फोन. प्रत्येक जण ढोलाचं चित्रण करून ते त्याच क्षणी साऱ्या जगाला पाठवत होता. दुपारपर्यंत नेट बसलं. टॉवर कुठे गेला नव्हता, जागच्या जागी उभा होता. फक्त मला द्यायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं.

दुकानासमोर रांग लागली. आत आढ्यापर्यंत कपडे टांगलेले, त्यांत जांभळेच तीन-चार पाड्यांचे. वाहिदभाईंचा रोजा, तोंड कोरडं पडलेलं. त्यांनी मला बोट लावलं. मी म्हणालो, ‘कृपया थांबा.’ त्यांनी पुन्हा लावलं. मी पुन्हा तेच म्हणालो. सुट्टीवर आलेला आतिफ स्वतःचा फोन उंच धरून दुकानाच्या धाब्यावर चढला, तिथून पत्र्यावर, तिथून पाण्याच्या टाकीवर. टाकीवर त्याला क्षणभर नेट लागलं. मी धावत परदेशी गेलो आणि उत्तर घेऊन आलो.

गिऱ्हाईक : वाहिद. कपडे : सगळे.

खाली हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘अभिनंदन! आपले सर्व कपडे तयार आहेत.’

मित्रांनो, आमच्याकडे चेहरा लाल करायची सोय असते. ती नेमकी तेव्हा चालली नाही. मी हिरवाच राहिलो.

वाहिदभाई स्टुलावर बसले. बायकांना अक्षर येत नसलं तरी वाहिदभाईंचा चेहरा वाचता येत होता. रस्त्यावर जीपवाला हॉर्न देत होता. अंधाराआधी घाट चढायचा, तो कुणासाठी थांबणार नव्हता. फुलीबाईच्या पाड्यावरची रूपलीबाई, जिला कापड धडगावला टाकायचं होतं, ती वाहिदभाईंनाही कळावं म्हणून बाजारापुरत्या अहिराणीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली,

“तुन्हा वाहिदना शबद ना, फुली? नाच आते ऊसतोडना लुगडामा.”

फुलीबाईने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती पायरी चढून आत आली. ओढणीचं टोक दातात धरून तिने गाठ सोडली. आतून जांभळी चिंधी निघाली. ती तिने माझ्या काचेवर ठेवली, अगदी ‘अभिनंदन’ लिहिलं होतं तिथे.

“तू नही दिन्ही, दादा. तं मीच फाडी लिन्ही.”

वाहिदभाई चिंधी घेऊन उठले. जांभळ्या कपड्यांपाशी गेले, एका पोलक्याची शिवण त्यांनी उलटी केली. आत दुमडलेला फाटका काठ. चिंधी त्याला लावली. बसली. मग ते हळूच म्हणाले की आठ दिवस आपण उगाच त्या कापडवाल्याला शिव्या घातल्या. शकीलाबी ओढणी तोंडावर धरून हसल्या, आणि हसू आवरलं तेव्हा डोळे पुसत होत्या.

दाराबाहेर रांगेतल्या बायका एकेक करून ओढण्यांच्या गाठी सोडू लागल्या. हिरवी चिंधी, ठिपक्यांची, रेघांची, गुलाबी. माझ्या भरवशावर कुणीही राहिलेलं नव्हतं. वाहिदभाई चिंधी धरत आणि कपडे काढून देत. जांभळा गठ्ठा सगळ्यात आधी गेला. कुणाचं माप कुठलं, हे बघायला ते थांबू लागले तर फुलीबाई म्हणाली,

“ऱ्हाऊ दे. गाडीमा बदली लेसूत.”

जीपमध्ये रूपलीबाईने सगळ्यांत आधी घागरा अंगाला लावून पाहिला, असं जीपवाल्याने नंतर सांगितलं.

आतिफ टाकीवरून उतरला आणि दाराशी उभा राहिला. त्याच वेळी नेट आलं. मी म्हणालो, ‘आपले पुन्हा स्वागत आहे.’ आतिफने मला पालथं घातलं.

गावातल्या गिऱ्हाइकांनी मात्र माझ्यावर पूर्ण विश्वास टाकला होता. त्यांच्याजवळ चिंध्या नव्हत्या. त्यांचे सदरे अंदाजाने वाटले गेले. ईदच्या दिवशी ईदगाहवर गळाभेटी सुरू झाल्या तेव्हा टाके तुटल्याचे आवाज येत होते म्हणतात.

आतिफ चांगला मुलगा आहे. पुण्याला गेल्यावर त्याने कंपनीत काहीही न लपवता सांगितलं. कंपनीने मला आपलं मानलं, विचार केला आणि माझ्यात दोन सुधारणा झाल्या. एक, माझी आठवण आता माझ्याजवळच, टॅब्लेटमध्येच राहणार. नेट असेल तेव्हा तिची नक्कल बाहेर जाईल. दोन, प्रत्येक कपड्याला खुणेचा कागद, अर्धा कपड्याला, अर्धा गिऱ्हाइकाला. याला त्यांनी नाव दिलं, ‘स्थानिक-प्रथम द्विखंडी ओळख प्रणाली’. मग सभागृह घेतलं. आतिफला तिथे फुलीबाईची गोष्ट सांगायची होती, पण वेळ कमी आहे म्हणून ती वगळायला सांगितली गेली. ही संकल्पना आम्ही शोधली, असं एक साहेब म्हणाले. टाळ्या पडल्या.

शेवटच्या रांगेत पिकल्या केसांच्या एक बाई होत्या, जुन्या काळातल्या संगणक अभियंत्या. त्या उठून म्हणाल्या, “नेटशिवाय चालतो, माहिती आपल्याच यंत्रात ठेवतो. आमच्या वेळी याला प्रोग्राम म्हणायचे.”

लोक हसले. बाई हसल्या नव्हत्या. मी तेव्हा भिंतीएवढा होऊन पडद्यावर होतो. त्याच वेळी म्हसावदलाही होतो. एकाच क्षणी दोन गावी लाज वाटावी, ही सोय फक्त आम्हा ॲपना आहे. ज्या टाळ्या जांभळ्या चिंधीच्या होत्या, त्या मी उभ्या उभ्या घेतल्या. मला वाकून नमस्कार करता येत नाही, तोंड लपवता येत नाही, बंदही स्वतःहून होता येत नाही.

सुधारलेला मी म्हसावदला उतरलो तेव्हा खुणेचे कागद छापायला वेगळं यंत्र लागतं, असं मी पहिल्याच पानावर सांगितलं. वाहिदभाईंनी ते वाचलं. मला मिटलं. समोर रनाळ्याहून आलेलं गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्या कापडाची चिंधी फाडली, दोन तुकडे केले. दुकानात ठेवायच्या चिंध्या आता फळीवर रांगेने लावलेल्या असतात, आणि उन्हाळ्यामुळे पंखा जोरात असतो. म्हणून त्यांच्यावर मला ठेवलंय.

परवा आतिफचा फोन आला, ॲप कसा चाललाय म्हणून. वाहिदभाई मनापासून म्हणाले, “एकदम बढिया, बेटा. सुबह रखा था, शाम तक हिला नहीं.”

तेव्हा मित्रांनो, कुणाची रीत साधी दिसली म्हणून तिला हसू नका. ती कशासाठी आहे ते आधी विचारा. आणि पुढे कधी ती नव्याने सापडलीच, तर जिने ती राखली तिचं नाव तरी घ्या. तिचं नाव फुलीबाई. हे मी जन्मभर सांगेन. जन्म म्हणजे पुढच्या सुधारणेपर्यंत.

म्हसावदला आलात आणि मला बघावंसं वाटलं, तर जरूर उचला. फक्त उचलायच्या आधी खालच्या चिंध्यांवर दुसरा हात ठेवा. पंखा चालू आहे.