नवशीचे चार दिवस

"काय गं नवशे, तुझं अजून चालूच का?"

हिराबाई खोपीच्या दारात उभ्या होत्या. दारात म्हणजे दारापासून चांगल्या लांब. सुपातली कणी त्यांनी वरूनच पळसाच्या पानावर सोडली. थोडी पानावर पडली, थोडी चिखलात. नवशी गवतावर आडवी झाली होती, ती उठून बसली आणि तिनं पदर नीट केला.

"चालूच हाय, शेठाणबाय. मेलं जातच नाय."

"आपण दोघी एका वयाच्या. माझं केव्हाच थांबलं. आता देवघर काय नि चूल काय, सगळा महिना माझ्याच गळ्यात." हिराबाई तिच्याकडे बघत राहिल्या.

नवशीनं मान खाली घातली आणि चिखलातली कणी वेचायला घेतली. खोटं बोलताना तिला समोरच्या माणसाकडे बघता येत नसे. शेठच्या परसात इतकी वर्षं काढली तरी ते काही तिला साधलं नव्हतं.

"पड हो," हिराबाई शेवटी म्हणाल्या आणि सूप झटकत निघून गेल्या.

तेव्हा जव्हार संस्थान होतं आणि तांदूळ सडायची गिरणी तिथं अजून कुणी पाहिली नव्हती. तांदूळ बायांच्या हातानं व्हायचा. वामनशेठ राजवाड्याच्या मुदपाकखान्याला तांदूळ पुरवत असे, देवळांच्या नैवेद्याचा तांदूळही त्याचाच. त्याच्या परसात एक लांब पडवी होती. तिथं ओळीनं उखळं पुरलेली होती आणि जामसर, साखरशेतकडच्या बाया उजाडल्यापासून तिथं कांडायला उभ्या असत. एका उखळावर दोघी. एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली यायचं. त्यामुळे एकीला दमून चालत नसे, दोघींनी मिळूनच दमावं लागे. संध्याकाळी अख्खा तांदूळ शेठच्या कोठीत जाई आणि मोडलेला, म्हणजे कणी, मजुरी म्हणून बायांच्या ओट्यात. शेठ वाईट माणूस नाही असं जव्हारात सगळे म्हणत. त्या म्हणणाऱ्यांत कांडणारी बाई एकही नव्हती, एवढंच.

पूर्वी विटाळाच्या दिवसांत बायांना काम नसे आणि कणीही नसे. मग कोण कशाला सांगेल? माघी नावाची एक बाई तशीच कांडत राहिली आणि नेमकं हिराबाईंच्या समोर तिचं लुगडं भिजलं. तयार तांदळाची अख्खी रास गुरांपुढे टाकावी लागली. माघीला हाकललं. ती पुन्हा गावात कुणाच्या उखळावर दिसली नाही. तेव्हा हिराबाईंनीच नवऱ्याला सांगितलं, "बसल्या जागी त्यांना कणी देत जा. पोटाला मिळतंय म्हटल्यावर लपवणार नाहीत. नाहीतर देवाच्या ताटात काय वाढलं जाईल, विचारच करवत नाही." शेठला ते पटलं. गोठ्याच्या कडेला, पडवीसमोर, कारवीच्या कुडाची एक खोपी उभी राहिली. बाईला त्या दिवसांत विसावा लागतो, असं त्या घरात कुणाच्याही मनात आलेलं नव्हतं. काळजी होती ती तांदळाची. पण त्यातून बायांना चार दिवस पाठ टेकायला मिळाले आणि त्यांनी ते मुकाट्यानं घेतले.

साखरशेतला नवशीच्या माहेरी एवढं स्तोम नव्हतं. कणगीला हात लावायचा नाही, देवाच्या जागी जायचं नाही. बाकी लाकडं आणा, नाचणी निंदा, सगळं करा. बसायचं असतं हे ती शेठच्या घरी शिकली आणि तिला ते फार आवडलं. त्याला कारणही तसंच होतं. धाकटं पोर झालं आणि वारलं, त्यानंतर अंग पुरतं आवळायच्या आत ती मुसळ घेऊन उभी राहिली होती. तेव्हापासून तिचं अंग बाहेर यायला लागलं. दिवसभर कांडलं की मांड्यांमध्ये ओझं उतरायचं, चालताना घासायचं, लघवीला बसताना डोळ्यांत पाणी यायचं. पण चार दिवस उताणं पडलं, कुल्ल्यांखाली गवताची पेंढी घेतली, की ते आपसूक आत जाई. मग पुढचा महिना कसाबसा निघे. त्या चार दिवसांच्या बळावर नवशी उभी होती, असं म्हटलं तरी चालेल.

आणि एका होळीनंतर तिचा विटाळ थांबला. दुसऱ्या बायांना तेव्हा बरं वाटतं, सुटलो म्हणतात. नवशी ओहोळावर जाऊन रडली. नवरा ढवळू वारला तेव्हाही ती एवढी रडली नव्हती. मग पुढच्या महिन्यात, नेहमीच्या सुमाराला, ती पडवीत आलीच नाही. सरळ खोपीत जाऊन पडली. खैराची साल उकळून त्या तांबड्या पाण्यात तिनं फडकी बुडवली आणि कुडामागं वाळत घातली. कुणाला संशय आला नाही. तिला मात्र पहिल्या दिवशी कणी घशाखाली उतरेना. दुसऱ्या दिवशी उतरली.

अशीच दुसरी होळी गेली. त्या वर्षी दसऱ्याच्या दरबारासाठी राजवाड्यातून तांदळाची मोठी मागणी आली. शेठ पडवीत येऊन उभा राहिला.

"दसऱ्यापर्यंत खोपीत एका वेळी एकच बाई बसेल. दुसरीचं आलं तर तिनं आपल्या घरी जायचं. तिच्या जागी मी मोखाड्याची बाई आणीन, आणि मग ती जागा त्या बाईचीच."

"शेठ, विटाळाला सांगून ठिवा," सकू म्हणाली. "रांगेनं ये म्हून."

बाया हसल्या. शेठसुद्धा हसला. पण शब्द काही त्यानं मागं घेतला नाही.

पुढं गर्दीत आपल्याला खोपी मिळायची नाही, या भीतीनं नवशी आधीच जाऊन बसली होती. तिला लाज वाटत होती, आणि पाठही टेकलेली होती.

कुडाच्या फटीतून तिला पडवी दिसे. हिराबाई गेल्यावर ती कणी बाजूला ठेवून कुशीवर झाली आणि तिची नजर चैतीवर गेली. चैती जामसरची, लग्न होऊन फार दिवस झालेले नव्हते. तिचा नवरा लहान्या लाकडाच्या गाड्यांबरोबर रानात गेला होता. आपल्याला दिवस गेलेत हे तिनं एकट्या नवशीला सांगितलं होतं. चैती सकूच्या समोर कांडत होती. तिच्या पोटरीवरून एक ओघळ घोट्यापर्यंत आला होता. तिनं हळूच पायानं कोंडा ओढला आणि पाऊल त्यात घोळलं. कोंडा ओघळाला चिकटला, ओघळ दिसेनासा झाला. थोड्या वेळानं कोंड्यावरून दुसरा ओघळ आला. चैतीनं पुन्हा पाय घोळला.

नवशीला कळायचं ते कळलं. असं रक्त महिन्याचं नसतं. पोर गेलं होतं, आणि आई उभ्या उभ्या तांदूळ कांडत होती, कारण खोपी भरलेली होती. कुणी भरली होती, हे नवशीला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

तिनं वाट बघितली. सकू बघेल, कुणीतरी बघेल. एकदा तर तिनं कुडाकडे पाठ केली आणि डोळे मिटून घेतले. आता आपण उठलो तर पुन्हा कधी पडायला मिळणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. मरेपर्यंत नाही. पण कान काही मिटता येत नाहीत. सकूच्या उखळाचा ठेका चुकायला लागला होता. एक मुसळ वेळेवर पडे, दुसरं मागाहून. मग ते आणखी मागाहून पडू लागलं.

नवशी उठली, अंगण ओलांडून तडक पडवीत शिरली.

"ए नवशे! कोठं येतंस?" सकू ओरडली. "सगळा तांदूळ बाटवतंस का?"

मुसळं जागच्या जागी थांबली. नवशीनं चैतीच्या हातातलं मुसळ काढून घेतलं.

"खोपी रिकामी हाय. जा, पड जा."

चैती तिच्याकडे बघत राहिली. तिच्या ओठांवर रंग नव्हता.

गलका ऐकून शेठ बाहेर आला, मागं हिराबाई. "हे काय? वेड लागलं का तुला? राजवाड्याचा तांदूळ आहे तो!"

"बाटला नाय, शेठ," नवशी म्हणाली. "मना दोन होळ्या झाल्या, कायच येत नाय."

"मग खोपीत काय करत होतीस?"

"पडत व्हते."

"आणि ती वाळत घातलेली फडकी?"

"खैराच्या सालीचं पाणी."

कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. शेठची मोठी पंचाईत झाली. ही आत्ता खोटं बोलत असेल तर तांदूळ गेला, खरं बोलत असेल तर ती त्याला एवढे दिवस फसवत आली होती. तांदूळ वाचतो म्हटल्यावर तिला आजवरची लबाड मानणंच त्याला सोयीचं वाटलं.

"वाघदेवाची आण घे."

नवशी खाली वाकली, जमिनीला हात लावला. "वाघदेवाची आण, मी कोरडी हाय."

"आणि ही?" शेठनं चैतीकडे बोट केलं.

"तिचं आता आलं. ह्या घडीला. मी तिकडून बघितलं, म्हून तर उठून आले."

हिराबाई पुढं झाल्या आणि त्यांनी चैतीच्या पायाकडे पाहिलं. कोंडा वाळून घट्ट बसला होता, आताच्या घडीचा तो नव्हताच. सकाळपासूनचा तांदूळ त्या हातांनी कांडला होता, हे कुणाही बाईला दिसलं असतं.

"आत्ताच आलंय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "उखळ धुऊन घ्या म्हणजे झालं. जा गं पोरी, खोपीत जा."

हे त्यांनी पोरीसाठी केलं की तांदळासाठी, ते त्यांनाच ठाऊक. चैती खोपीपर्यंत चालत गेली, हे खरं.

शेठचा राग मात्र उतरला नाही. आपल्या भल्या स्वभावाचा गैरफायदा घेतला गेला, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. जाता जाता त्यानं सगळ्यांना ऐकवलं, "आजपासून जिला बसायचं असेल तिनं आधी शेठाणीला फडकं दाखवायचं. ताजं. दाखवल्याशिवाय बसली तर कणी नाही."

तो आत गेला आणि बाया नवशीवर तुटून पडल्या.

"आता कापडं दाखवत फिरायचं आमी, तुझ्यापायी!" सकू म्हणाली. "गुमान पडून र्‍हाली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"पोर मरत व्हती, सकू."

"मरत असती तर आमी काय बघत बसलो असतो?"

सकू सकाळपासून चैतीच्या समोरच उभी होती. नवशीनं ते तोंडावर आणलं नाही. आपण स्वतः किती वेळ डोळे मिटून पडलो होतो, ते तिला आठवत होतं.

चैती वाचली. दसरा झाला, राजवाड्याच्या पंगती उठल्या, तांदळाला कुणी नाव ठेवलं नाही. देवही काही बोलला नाही. फडकं दाखवायचं मात्र दसऱ्यानंतरही सुरूच राहिलं. मागच्या दारी बाई फडकं हातात धरून उभी राही, मान वळवून. हिराबाईही मान वळवत आणि भिंतीकडे बघून म्हणत, "बघितलं. जा." दोघींनाही त्या वेळी तिथून नाहीसं व्हावंसं वाटत असावं. सकू तर एकदा तशीच घरी निघून गेली, कणी बुडाली तरी चालेल म्हणाली.

नवशीच्या समोर उभं राहायला आता कुणी तयार होईना. चैती उभी राहिली.

नवीन भात आलं तोवर नवशीचं अंग दिवसभर बाहेरच राहू लागलं होतं. ती जुन्या लुगड्याची पट्टी घेऊन मांड्यांमधून घट्ट आवळे आणि वरून नेसे. मुसळ उचलताना पट्टी काचे. रात्री पडून बरं वाटेल म्हणावं, तर सकाळी पुन्हा चालत यायचं असे. एका दुपारी ती उखळापाशीच उकिडवी बसली आणि तिला उठता येईना. हिराबाई कोठीतून बाहेर येत होत्या. त्या जवळ आल्या. आता नवशीला लांबून बोलायचं कारण उरलं नव्हतं.

"अगं, जा ना खोपीत. पड थोडी."

"काय म्हून पडू, शेठाणबाय?"

हिराबाई घोटाळल्या. "अंग बाहेर येतं म्हणून सांग की ह्यांना."

"सांगितलं."

"मग?"

"म्हनाले, त्यानं काय तांदूळ बाटत नाय."

नवशीनं उखळाच्या काठाला धरलं, गुडघ्यावर जोर देऊन ती उभी राहिली आणि लुगड्याखालची पट्टी दोन्ही हातांनी आवळून घेतली. समोर चैतीनं मुसळ वर उचललं होतं. ती थांबली होती. नवशीनं मानेनं खूण केली, तेव्हा तिनं ते खाली सोडलं, आणि नवशीनं आपलं उचललं.