अडतीस अंश

रस्ता न फोडता त्याच्या पोटात काय चाललंय ते सांगणं, हे धाकटीचं काम. गाडीमागे जोडलेलं यंत्र रस्त्यावर जड वजन आपटायचं आणि ओळीनं टेकवलेले सेन्सर रस्ता किती दबला ते टिपायचे. फरक केसाएवढा, पण तेवढ्यावरून खालची खडी जागेवर आहे की पाण्याबरोबर वाहून गेलीय हे धाकटी सांगायची. घरचं नाव कचेरीतही चिकटलं होतं. तिथे तिच्याहून लहान चौघे होते, पण नावाला कोण विचारतो!

कालव्याकाठचा रस्ता खालचा पाण्याचा पाइप फुटल्यापासून जड वाहनांना बंद होता. आणि नेमका तिचा दादा ट्रेलरवर भलामोठा ट्रान्सफॉर्मर लादून दोन दिवस नाक्यावर ताटकळत होता. त्या दिवशी पहाटेपासून त्याचा फोन सुरू झाला.

"अगं, पास करतेस की मी इथंच म्हातारा होऊ?"

"यंत्राला घाई कळत नाही, दादा."

"मग त्याला सांग, तुझी वहिनी दोन दिवस जेवायची थांबलीय म्हणून!"

ती हसली, आणि त्या हसण्यातच घात झाला. डांबर थंडीत ताठ असतं, उन्हात नरम पडतं. म्हणून रस्त्याला बारीक भोक पाडायचं, त्यात ग्लिसरिन ओतायचं, तापमापक सोडून दहा मिनिटं गप्प बसायचं, आणि आतला आकडा तक्त्यात भरायचा. ती दहा मिनिटं तिने वाचवली. तक्त्यात आदल्या दुपारचा आकडा तसाच होता. कचेरीत गेल्यावर हवामानाच्या नोंदीवरून बदलू, असं मनाशी म्हणाली. नऊ वाजता सही करून, कागदाचा फोटो दादाला पाठवून मोकळी झाली.

अकरा वाजता कागद फाइलला लावताना तिची नजर त्या चौकटीवर गेली. वेळ, सकाळचे सहा. तापमान, अडतीस.

सकाळी सहाला तर हातमोजे घालून काम केलं होतं! थंडीनं ताठ झालेला रस्ता कमी दबला, आणि हिशोबाने त्याला वर उन्हाची सवलत दिली, म्हणून पोकळ रस्ता मजबूत दिसला. हवामानाच्या नोंदीवरून सकाळचा आकडा टाकून तिने पुन्हा गणित केलं. पाइपावरच्या बारा मीटरांत खाली धड काही उरलंच नव्हतं.

तिने दादाला फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. पाठीवर ओझं असताना फोनला हात लावायचा नाही हा त्याचा नेम, आणि त्याबद्दल तो चारचौघांत मिरवायचाही. तिने नाकेवाल्याला फोन लावला.

"ट्रेलर? आत्ताच सोडला की. ताई, तुमचाच कागद दाखवला त्यांनी. माझ्या बहिणीची सही आहे म्हणाले."

ती गाडी काढून सुसाट निघाली. वाटेत रडली, स्वतःला शिव्या घातल्या, साहेबांना फोन करायचंही सुचलं नाही. पलीकडच्या टोकाने कालव्यावर पोचली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं आणि समोरून ट्रेलर संथपणे येत होता. पुढची चाकं पाइपावरच्या तुकड्यात शिरली होती.

गाडीतून उडी टाकून ती रस्त्याच्या मध्ये धावली आणि दोन्ही हात वर करून ओरडली, "दादा, थांब!"

दादाने बहिणीला ओळखलं. लगेच ब्रेक दाबला.

आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तापलेल्या डांबराला चालतं वजन एकवेळ सोसतं. उभं राहिलेलं सोसत नाही. हे तिने नव्या पोरांना दहा वेळा शिकवलं होतं.

"चल! थांबू नकोस, पुढे ये!" ती दोन्ही हातांनी बोलावू लागली.

इंजिनाच्या घरघरीत दादाला काही ऐकू येईना. त्याने कानाला हात लावला, मान हलवली, आणि बहीण काय म्हणतेय ते ऐकायला इंजिन बंद केलं.

डावीकडचा रस्ता आधी नुसता वाकला. मग चाकं आत गेली, केबिन कलली आणि सगळं ओझं कालव्याच्या बाजूला झुकलं. बाजूच्या शेडमधले कामगार धावत आले. दादा जिवंत होता. उजवा पाय गुडघ्याखाली पत्र्यात चेपला होता. पत्रा कापायला यंत्र येईपर्यंत धाकटी खिडकीतून आत वाकून त्याचा हात धरून राहिली.

"ही माझी बहीण," घामाने निथळत तो जमलेल्यांना सांगत होता. "हिनं हात केला म्हणून थांबलो, नाहीतर पार कालव्यात गेलो असतो."

लोक तिच्याकडे कौतुकाने पाहू लागले. कुणीतरी तिला पाणी दिलं. तिने ते तसंच खाली ठेवलं. गप्प राहणं किती सोपं होतं, आणि ते सोपं आहे याचीच तिला किळस आली.

"दादा," ती म्हणाली, "चालत राहिला असतास तर कदाचित पार झाला असतास. मी थांबवलं तुला. आणि सकाळी रस्ताही मीच चुकीचा पास केला. आकडा बघितलाच नाही."

दादाने तिच्या हातातून आपला हात काढून घेतला आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला म्हणाला, "भाऊ, माझ्या बायकोला फोन लावता का?"