देवाजीचा डावा खांदा

लटारू शिंप्याच्या दुकानात मेलेल्या माणसांच्या पँटी येत आणि जिवंत माणसांच्या होऊन जात. गावाला त्यात काही वावगं वाटत नसे. ती सोय लटारूनेच करून ठेवली होती. पूर्वी तेरवी झाली की मयताचे कपडे गाठोडं बांधून वैनगंगेत सोडत. चांगलं टेरिकॉट असं डोळ्यांदेखत वाहून जाताना पाहून लटारूचा जीव तुटायचा. मग एका तेरवीच्या पंगतीत, दुसऱ्यांदा बुंदी घेता घेता, त्याने सांगून टाकलं, "कापडाले कात्री लागली का सुतक संपलं." शेजारच्याने नुसती कात्री तर घरीही असते म्हटल्यावर, मजुरी बुडू नये म्हणून त्याने पुढचं जोडलं, "अन ते दुसऱ्याच्या मापाचं झालं पाह्यजे." हे कोणत्या पोथीत आहे असं कुणी विचारलं नाही. पँट स्वस्तात पडणार असली की गाव फार श्रद्धाळू होतं.

देवाजीची तेरवी झाली आणि त्याचा मुलगा अजय गाठोडं घेऊन दुकानात आला. मागोमाग कमळाबाईही आली. नवऱ्याच्या कपड्यांमागे बाईने जायचं नसतं, पण तिला कुणी अडवलं नव्हतं.

गाठोड्यात वर काळा कोट होता. लटारूने तो ओळखला. ओळखायचा कसा नाही? वडश्याच्या बाजारात जुन्या कपड्यांच्या ढिगातून तो त्यानेच उपसून काढला होता. गावच्या नाटकात देवाजीला जमीनदार व्हायचं होतं. कोट कोण्या लांबच्या देशातल्या जाड्या माणसाचा. लटारूने तो दोन्ही कुशींत आत घेतला, बाह्या आखूड केल्या. पण धानाचे भारे वाहून देवाजीचा डावा खांदा उतरलेला. मग त्या बाजूला आतून चिंध्यांची जाड गादी भरली. कोट घातला की देवाजी सरळ दिसायचा. नाटक पडलं, कोट राहिला. पुढे गावात लग्न कुणाचंही असो, जमीनदार हजर असायचा.

लटारूने कोट खुंटीवर टांगला. अंगात माणूस नसल्यामुळे कोटाने डावा खांदा उडवला. 'मले काय माहीत बा' म्हणताना देवाजी उडवायचा, अगदी तसाच.

"लटारूभाऊ," कमळाबाई म्हणाली, "बाकीचं काही बी करा. हा तेवढा असाच वापस द्या. घरी खुंटीवर राहीन."

"असाच कसा नेता येईन, आई?" अजय म्हणाला. "कात्री नाई लागली त्याले. काकानंच तर नेम केला."

लटारूला पहिल्यांदाच वाटलं, की गावाची स्मरणशक्ती थोडी कमी असायला हवी होती.

"वहिनी, कात्री लावतो ना मी," तो म्हणाला. "इथी कुशीत जराशी उसवतो, तिथीच शिवतो."

"अन दुसऱ्याचं माप?" अजय हटला नाही. "घरात लेकरंबाळं हायेत काका. उद्या कोणाले ताप आला तर लोक आमालेच बोलतीन."

"अरे, तो नेम मी उगाच..."

"उगाच कसा? शेजारच्या नूतनच्या बापाची पँट मी घालून राह्यलो ना तीन वर्षांपासून. काही झालं का मले?"

पँट खरोखरच नूतनच्या बापाची होती आणि अजय ठणठणीत होता. नेम खोटा होता असं आता सांगावं, तर निम्मं गाव मेलेल्यांच्या पँटीत उघडं पडत होतं.

"माह्याच मापाचा करा," अजय म्हणाला. "घरातच राहीन. तिचंही झालं, माहंही झालं."

लटारूने कमळाबाईकडे पाहिलं. तिने खुंटीकडे.

"करा मंग," ती म्हणाली.

लटारूने माप घेतलं. अजयचे खांदे सरळ होते. धान ट्रॅक्टरवर येत होतं. अस्तर उसवून लटारूने गादी बाहेर काढली, खांदा बसवला, कुशी सैल केल्या. काम इतकं सफाईदार झालं की त्याला स्वतःचाच राग आला. अजयने कोट घालून आरशात पाहिलं, बटण लावलं, परत पाहिलं.

"कसा दिसते?"

"चांगला दिसते," कमळाबाई म्हणाली. जावयाच्या भावाचा कोट असता तरी तिने एवढंच म्हटलं असतं. तिची नजर मशीनवरच्या गादीवर होती. तिने ती उचलली, एक टोक बोटांत चोळलं.

"हे माह्या हिरव्या लुगड्याचं होय ना?"

"देवाजीनंच आणून देल्ल्या होत्या चिंध्या," लटारू म्हणाला. "नवी गादी कशाले, म्हणे."

"मले म्हणे, लुगडं गायीनं खाल्लं."

ती हसली. मग गादी तिने ओंजळीत धरली आणि निघाली.

"आई, ते नको," अजय उंबऱ्यातून म्हणाला. आवाजात तिखटपणा नव्हता, हेच वाईट होतं. "ते बाबाच्या अंगाचं हाये. त्याले कात्री कुठी लागली?"

"लावा भाऊ," कमळाबाईने गादी पुढे केली.

लटारूने कात्री उचलली. कापायला काही नव्हतं असं नाही. पण कापून ती कुणाच्या मापाची करायची? अख्ख्या गावात तसा खांदा आता नव्हता. त्याने कात्री खाली ठेवली आणि कोटाच्या रिकाम्या खुंटीला गादी अडकवली.

"इथीच राहू द्या," तो म्हणाला. "दुकानाले सुतक नाई लागत." हा नेम त्याने त्याच क्षणी केला होता. अजयने मान डोलावली.

तेव्हापासून अजयच्या शर्टांची बटणं फार तुटतात. कमळाबाई शर्ट घेऊन येते, खुंटीखालच्या बाकावर बसते. बटण लावायला असा किती वेळ लागतो? लटारू दोरा ओवतो, काढतो, परत ओवतो.